तोफेचा सौदा आणि भागीदारीचा सौदा : इटलीच्या परराष्ट्र धोरणाची शंभर वर्षे

परराष्ट्र धोरण हा शब्द दिसला की व्यापारी माणूस वर्तमानपत्राचे पान उलटतो. राजदूत, तह आणि परिषदा ही सरकारांची कामे. आपले काम दुकान, गिऱ्हाईक आणि महिनाअखेरची वसुली, असा त्याचा हिशेब असतो. आमच्या मते हा हिशेब अपुरा आहे. डिझेलचा भाव, चामड्याची मागणी, आखातातील नोकरी, निर्यातीची ऑर्डर या साऱ्यांची एक दोरी कुठल्या तरी राजधानीतल्या टेबलाला बांधलेली असते. ती दोरी कोण ओढतो आणि का ओढतो, हे धंदा करणाऱ्याने समजून घेतले पाहिजे.

या अंकात आम्ही इटली हा देश घेतला आहे. त्याला तीन कारणे आहेत. पहिले असे की गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत या देशाचा मोठा व्यवहार मुस्लिम देशांशी झाला. त्रिपोली, कैरो, तेहरान, अल्जिअर्स ही त्याच्या परराष्ट्र खात्याची नेहमीची गावे. दुसरे असे की इटली हा लहान कारखान्यांचा आणि घरगुती कारागिरांचा देश आहे. प्रातोचे कापड, कोमोचे रेशीम, अरेत्सोचे सोने, सांता क्रोचेचे चामडे ही नावे तेथे आपल्याकडच्या मालेगाव, पैठण किंवा कोल्हापूरसारखीच ओळखली जातात. तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे. या एकाच देशाने दुसऱ्याचा माल मिळविण्याचे दोन्ही मार्ग करून पाहिले. आधी तोफ घेऊन गेला, मग भागीदारीचा कागद घेऊन गेला. कोणत्या मार्गाने काय हाती लागले, त्याचा जमाखर्च इतिहासात लिहिलेला आहे.

बँक पुढे, आरमार मागे

इटली हा एक देश म्हणून १८६१ साली उभा राहिला आणि रोम त्याला १८७० साली मिळाले. तोवर इंग्रज आणि फ्रेंच यांनी जगाची वाटणी बरीचशी उरकली होती. समोरचा ट्युनिस इटलीच्या मनात होता, तो १८८१ साली फ्रान्सने घेतला. रागाच्या भरात इटलीने १८८२ साली जर्मनी आणि ऑस्ट्रियाशी त्रिराष्ट्र करार केला. पुढे इथिओपियावर हात टाकला, तर १८९६ साली आडव्याच्या लढाईत सपाटून मार खाल्ला. भूमध्य समुद्रापलीकडे आता एकच मोठा किनारा उरला होता, तो म्हणजे तुर्की खिलाफतीच्या ताब्यातील त्रिपोली आणि सायरेनेका. आजचा लिबिया तो हाच.

येथे व्यापाऱ्याने नीट पाहावे. सैन्य येण्यापूर्वी तेथे बँक आली. बांको दी रोमा या बँकेने १९०७ साली त्रिपोलीत शाखा काढली. पिठाच्या गिरण्या, तेलाचे घाणे, जहाजांची ये-जा यांत पैसा घातला. तुर्की अधिकाऱ्यांना यामागचा डाव उमगला आणि त्यांनी अडथळे आणले. मग हेच अडथळे युद्धाचे कारण म्हणून पुढे करण्यात आले. सप्टेंबर १९११ मध्ये पंतप्रधान जोलित्ती यांच्या सरकारने इस्तंबूलला निर्वाणीचा खलिता धाडला, उत्तराला २४ तास दिले आणि २९ सप्टेंबर रोजी युद्ध पुकारले.

या युद्धाने जगाला एक काळी भेट दिली. १ नोव्हेंबर १९११ रोजी जुलिओ गावोत्ती या इटालियन वैमानिकाने त्रिपोलीजवळ आइन झारा येथे विमानातून हाताने बॉम्ब टाकले. विमानातून झालेला हा जगातला पहिला बॉम्बहल्ला. तुर्की फौजेच्या बाजूने लढणाऱ्या अधिकाऱ्यांत मुस्तफा कमाल आणि अन्वर होते. हिंदुस्थानातील मुसलमानांनी त्या वेळी ठिकठिकाणी सभा घेतल्या, जखमींसाठी वर्गणी पाठविली. अल्लामा इक्बाल यांनी रणांगणावर जखमींना पाणी पाजताना शहीद झालेल्या फातिमा बिन्त अब्दुल्ला या अरब मुलीवर कविता लिहिली, ती याच युद्धातली. ऑक्टोबर १९१२ च्या तहाने तुर्कस्तानने त्या भूमीवरचा ताबा सोडला. कागदावर इटलीचा सौदा पुरा झाला.

स्वस्त वाटलेला माल महाग पडला

पण कागदावरचा सौदा आणि प्रत्यक्षातला ताबा यांत फरक असतो. त्रिपोली शहर हाती आले तरी आतला मुलूख आला नाही. सनूसी तरीकतीच्या झावियांमधून प्रतिकार उभा राहिला आणि तो वीस वर्षे चालला. कुरआन शिकविणारे वृद्ध शिक्षक उमर मुख्तार हे त्याचे सेनापती होते.

१९२२ साली मुसोलिनी सत्तेवर आल्यानंतर इटलीने सारी लाज सोडली. जनरल ग्रात्सियानी याने सनूसी झाविया बंद केल्या, त्यांची मालमत्ता जप्त केली आणि शेखांना हद्दपार केले. इजिप्तच्या सरहद्दीवर सुमारे २७० किलोमीटर काटेरी तारेचे कुंपण घातले. सायरेनेकातील सुमारे १ लाख माणसे गुराढोरांसह उठवून वाळवंटातील छावण्यांत कोंडली. त्यांतली किमान ४० हजार तेथेच उपासमारीने आणि रोगराईने मेली, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. १६ सप्टेंबर १९३१ रोजी सलूक येथील छावणीत हजारो लोकांसमोर उमर मुख्तार यांना फाशी देण्यात आले. वय सत्तरीच्या पुढे होते.

आणि याच मुसोलिनीने १९३७ साली त्रिपोलीत घोड्यावर बसून ‘इस्लामची तलवार’ स्वीकारली आणि स्वतःला मुसलमानांचा रक्षक म्हणवून घेतले! १९३४ पासून बारी शहरातील रेडिओ केंद्रावरून अरबी भाषेत प्रचार सुरू होता, की इंग्रज आणि फ्रेंच हेच अरबांचे शत्रू, इटली मात्र मित्र. गोड बोलणाऱ्या गिऱ्हाइकाचे मागचे खाते आधी तपासावे, हा धडा अरबांना शिकविण्याची गरज नव्हती. खाते त्यांच्यासमोर उघडेच होते.

या साऱ्या खटाटोपातून इटलीला काय मिळाले? १९३८ साली एकाच ताफ्यातून सुमारे २० हजार इटालियन शेतकरी लिबियात नेऊन वसविले. रस्ते बांधले, विहिरी खोदल्या, पैसा ओतला. पण वाळूखाली जे तेल होते ते त्यांना काढता आले नाही. लिबियात मोठा साठा सापडला तो १९५९ साली, इटलीचे राज्य बुडाल्यावर. तीस वर्षे ज्या घरावर कब्जा केला, त्या घरातला पेटारा कधी उघडलाच नाही.

निर्बंध आले तेव्हा कारागिराने काय केले

ऑक्टोबर १९३५ मध्ये इटलीने पुन्हा इथिओपियावर स्वारी केली. तेथे विषारी वायू वापरला. इटलीच्या संरक्षण खात्याने ही गोष्ट अधिकृतपणे कबूल केली ती १९९६ साली. राष्ट्रसंघाने नोव्हेंबर १९३५ पासून इटलीवर आर्थिक निर्बंध घातले. पन्नासहून अधिक देश त्यात सामील झाले. पण निर्बंधांच्या यादीत तेल नव्हते, कोळसा नव्हता, आणि सुएझ कालवाही इटलीच्या जहाजांना उघडाच राहिला. म्हणजे दुकानाचा पुढचा दरवाजा बंद आणि मागचा सताड उघडा. जुलै १९३६ मध्ये निर्बंध उठले तेव्हा इथिओपिया बुडालेला होता. अर्धवट बहिष्कार जुलमी माणसाला रोखत नाही, उलट त्याला आपल्या लोकांपुढे छाती काढायला निमित्त देतो.

या काळातली एक गोष्ट मात्र आमच्या कारागीर बांधवांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. कच्चा माल मिळेना तेव्हा इटलीचे कारागीर हातावर हात ठेवून बसले नाहीत. फ्लॉरेन्सचे चांभार साल्व्हातोरे फेर्रागामो यांना बुटाची कमान तोलून धरणारी चांगली पोलादी पट्टी मिळेना. त्यांनी टाच आणि तळवा यांमधली पोकळी बुचाच्या लाकडाने भरून काढली, आणि तो उंच सलग तळव्याचा जोडा पुढे जगभर गेला. त्याच शहरातील गुच्चीच्या कारखान्याने चामड्याची टंचाई आली तेव्हा तागासारख्या भांग-धाग्याच्या कापडाच्या बॅगा काढल्या. लोकर महागली तेव्हा दुधातील केसीनपासून लानिताल नावाचा धागा बनविण्यात आला. तो फारसा टिकला नाही, पण प्रयत्न झाला. सरकारचा गुन्हा सरकारच्या माथी. परंतु अडचणीच्या वेळी कारागिराची बुद्धी हेच त्याचे खरे भांडवल असते, ही गोष्ट खरीच आहे.

पराभव आणि नवा हिशेब

१९३९ च्या एप्रिलमध्ये इटलीने अल्बानिया हा मुस्लिमबहुल देश गिळला. जून १९४० मध्ये हिटलरच्या बाजूने महायुद्धात उडी घेतली. सप्टेंबर १९४३ मध्ये शरणागती पत्करली. फेब्रुवारी १९४७ च्या पॅरिस तहाने सर्व वसाहतींवर पाणी सोडावे लागले. लिबिया २४ डिसेंबर १९५१ रोजी राजे इद्रिस यांच्या अधिपत्याखाली स्वतंत्र झाला.

घर उद्ध्वस्त, तिजोरी रिकामी, अब्रू गेलेली. अशा वेळी पंतप्रधान दे गास्पेरी यांनी अमेरिकेचा हात धरला. इटली १९४९ साली नाटोचा संस्थापक सदस्य झाला. युरोपच्या सामायिक बाजारपेठेचा करार २५ मार्च १९५७ रोजी झाला तो रोममध्येच. एका बाजूला अमेरिका, दुसऱ्या बाजूला युरोप, आणि तिसऱ्या बाजूला भूमध्य समुद्रापलीकडचे अरब जग, अशा तीन पायांवर इटलीचे धोरण तेव्हापासून उभे राहिले. पहिले दोन पाय सुरक्षिततेसाठी होते. तिसरा पाय पोटासाठी होता, कारण इटलीच्या जमिनीत म्हणण्यासारखे तेल नाही.

पंचाहत्तर आणि पंचवीस

या तिसऱ्या पायाचा शिल्पकार एन्रिको मात्तेई. हा राजदूत नव्हता, मंत्री नव्हता. पोलिसाचा मुलगा, कमी शिकलेला, चामडे कमाविण्याच्या कारखान्यात काम करून वर आलेला, नाझींविरुद्ध लढलेला. १९४५ साली त्याला आजिप ही सरकारी तेल कंपनी गुंडाळून टाकण्यासाठी नेमले. त्याने ती गुंडाळली नाही, चालविली. उत्तर इटलीत गॅस सापडला आणि १९५३ साली एनी हे मोठे सरकारी महामंडळ उभे राहिले.

त्या काळी जगाचे तेल सात बड्या इंग्रज-अमेरिकन कंपन्यांच्या मुठीत होते. मात्तेई त्यांना ‘सात बहिणी’ म्हणत असे. तेल ज्या देशाचे, त्या देशाला नफ्याचा निम्मा वाटा द्यावा, असा रिवाज १९५० नंतर पडत चालला होता. तोही कंपन्यांना जड जात होता. १९५७ साली मात्तेईने इराणच्या राष्ट्रीय तेल कंपनीशी जो करार केला त्याने या रिवाजाला सुरुंग लावला.

करार समजून घ्या, कारण तो भागीदारीच्या धंद्यातला उत्तम नमुना आहे. इटली आणि इराण यांची मिळून एक कंपनी, दोघांचा निम्मा-निम्मा भाग. तेल शोधण्याचा खर्च आधी इटलीने करायचा. तेल लागले नाही तर तोटा इटलीचा. तेल लागले तर नफ्यातील निम्मा भाग कर म्हणून इराण सरकारला. उरलेल्या निम्म्यात पुन्हा इराणची कंपनी अर्ध्याची धनी. म्हणजे शंभरातले पंचाहत्तर इराणचे आणि पंचवीस इटलीचे. शिवाय कंपनीच्या कारभारात इराणी माणसे बरोबरीने बसणार. मालक म्हणून बसणार, नोकर म्हणून नव्हे.

या करारातून फार मोठा साठा हाती लागला नाही. पण तेलाच्या बाजारात बोली बदलली ती बदललीच. आपल्या मालाला याहून जास्त वाटा मिळू शकतो, हे तेल असलेल्या प्रत्येक देशाला कळले. इजिप्तमध्ये मात्तेईचे काम चालू होते. अल्जीरियाच्या स्वातंत्र्यलढ्याबद्दलची त्याची सहानुभूती उघड होती. फ्रान्सच्या रागाची त्याने पर्वा केली नाही. शीतयुद्ध ऐन भरात असताना १९६० साली त्याने रशियाशी करार केला. तेल घ्यायचे आणि बदल्यात पोलादी नळ, कृत्रिम रबर असा माल द्यायचा. अमेरिकेने डोळे वटारले, पण माल स्वस्त पडला. २७ ऑक्टोबर १९६२ रोजी त्याचे विमान मिलानच्या अलीकडे बास्कापे येथे कोसळले आणि तो मरण पावला. विमानात स्फोटके होती असा निष्कर्ष १९९० च्या दशकात पुन्हा झालेल्या तपासातून पुढे आला. करणारा हात मात्र न्यायालयात कधीच सिद्ध झाला नाही.

मात्तेई संत होता असे आम्ही म्हणत नाही. देशातले राजकीय पक्ष तो टॅक्सीसारखे वापरतो, असे त्याच्याविषयी बोलले जाई. परंतु समोरच्याला योग्य वाटा दिला तर आपल्यालाही पिढ्यान्‌पिढ्या मिळत राहते, हे त्याने ओळखले. अल्जीरियातून ट्युनिसियामार्गे समुद्राखालून सिसिलीत येणारी गॅसची नळवाहिनी १९८३ साली सुरू झाली, तिला पुढे मात्तेईचेच नाव दिले. २०२२ साली युक्रेन युद्धामुळे रशियाचा गॅस धोक्यात आला. तोवर इटली आपला सुमारे ४० टक्के आयात गॅस रशियाकडून घेत होता. तेव्हा पंतप्रधान द्रागी एप्रिलमध्ये तातडीने गेले ते अल्जिअर्सला, आणि जादा गॅसचा करार करून परतले. साठ वर्षांपूर्वीची ओळख अशी कामी आली.

भांडण एका बाजूला, खाते दुसऱ्या बाजूला

लिबियाची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. कर्नल गद्दाफी सप्टेंबर १९६९ मध्ये सत्तेवर आले. १९७० साली त्यांनी सुमारे २० हजार इटालियनांना देशाबाहेर काढले आणि त्यांची मालमत्ता जप्त केली. दोन्ही देशांत कडाक्याचे भांडण झाले. पण एनीचे काम बंद पडले नाही. इतकेच काय, १९७६ साली लिबियाने तुरीन शहरातील फियाट मोटार कंपनीत सुमारे एक दशांश भाग विकत घेतला! ज्यांच्या बापजाद्यांना छावणीत कोंडले, ते त्याच देशाच्या सर्वांत मोठ्या कारखान्याचे भागीदार झाले. दहा वर्षांनी, १९८६ मध्ये, हे भाग चांगल्या नफ्याने विकले गेले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेने त्रिपोलीवर बॉम्बहल्ला केला आणि लिबियाने इटलीच्या लाम्पेदुसा बेटाकडे क्षेपणास्त्रे सोडली. तरीही तेलाचा व्यवहार तुटला नाही.

अमेरिकेच्या गोटात राहूनही अरबांशी बोलणे चालू ठेवायचे, ही कसरत इटलीने बराच काळ केली. १९८० च्या जूनमध्ये व्हेनिस येथे युरोपीय समुदायाने पॅलेस्टिनी जनतेचा आत्मनिर्णयाचा हक्क मान्य केला, तेव्हा यजमान इटली होता. ऑक्टोबर १९८५ मध्ये आकिले लाउरो या इटालियन जहाजाचे अपहरण झाले आणि एका वृद्ध, अपंग अमेरिकन प्रवाशाची हत्या झाली. हे कृत्य निंद्यच होते. पण अपहरणकर्त्यांना नेणारे इजिप्तचे विमान अमेरिकन लढाऊ विमानांनी सिसिलीतील सिगोनेला तळावर उतरविले, तेव्हा पंतप्रधान क्राक्सी यांनी आपल्या भूमीवर आपलाच कायदा चालेल असे ठणकावले. इटालियन शिपाई अमेरिकन सैनिकांसमोर बंदुका रोखून उभे राहिले. मित्राशी मैत्री असावी, पण आपल्या घराची किल्ली त्याच्या हाती देऊ नये, हे त्या रात्री दिसले.

पुढे ही धार बोथट झाली. सप्टेंबर २०२५ मध्ये ब्रिटन आणि फ्रान्स यांनी पॅलेस्टाईनला मान्यता दिली तेव्हा इटलीच्या सरकारने ती दिली नाही. रस्त्यावर मात्र लाखो इटालियन उतरले. बंदरांतील कामगारांनी काम बंद ठेवले. सरकार आणि जनता यांना एकाच तराजूत तोलू नये, हे यावरून ध्यानात यावे.

माफीची किंमत

३० ऑगस्ट २००८ रोजी बेनगाझी येथे पंतप्रधान बेर्लुस्कोनी आणि गद्दाफी यांनी मैत्री करारावर सह्या केल्या. इटलीने वसाहतकाळातील जखमांबद्दल माफी मागितली आणि २० वर्षांत ५ अब्ज डॉलर, म्हणजे दरवर्षी २५ कोटी डॉलर, देण्याचे कबूल केले. सायरेनेकातून नेलेली व्हीनसची प्राचीन मूर्ती परत केली. दुसऱ्या वर्षी, जून २००९ मध्ये, गद्दाफी रोमला आले ते छातीवर उमर मुख्तार यांच्या अटकेचे छायाचित्र लावून. त्यांच्यावरचा ‘लायन ऑफ द डेझर्ट’ हा १९८१ चा चित्रपट इटलीत दाखवू दिलेला नव्हता. तोही त्याच वेळी तेथल्या दूरचित्रवाणीवर दाखविण्यात आला.

एका युरोपीय देशाने जुन्या वसाहतीची माफी मागून पैसे कबूल करावेत, ही लहान गोष्ट नाही. पण व्यापाऱ्याने करारनाम्याची बारीक अक्षरेही वाचावीत. पैसा रोख मिळणार नव्हता. त्यातून रस्ते आणि इमारती व्हायच्या होत्या आणि ती कामे इटालियन कंपन्यांनाच मिळायची होती. म्हणजे या खिशातला पैसा त्या खिशात. आणि दुसरी अट अशी, की लिबियाच्या किनाऱ्यावरून युरोपकडे निघणाऱ्या गरीब माणसांच्या होड्या रोखायच्या.

त्याचा परिणाम लवकरच दिसला. मे २००९ मध्ये इटलीच्या नौकांनी भर समुद्रात सापडलेल्या माणसांना, आश्रय मागण्याची संधी न देता, लिबियाच्या हवाली केले. त्यांतल्या २४ जणांनी युरोपीय मानवाधिकार न्यायालयात दाद मागितली आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये न्यायालयाने इटलीला दोषी ठरविले. हे अर्जदार कोण होते? सोमालिया आणि एरिट्रिया येथील लोक. दोन्ही एकेकाळच्या इटलीच्याच वसाहती! एका वसाहतीची माफी मागताना दुसऱ्या दोन वसाहतींची लेकरे समुद्रातून परत ढकलली गेली.

२०११ साली गद्दाफींविरुद्ध उठाव झाला. इटलीने करार बाजूला ठेवला आणि नाटोच्या विमानांना आपले तळ दिले. ऑक्टोबर २०११ मध्ये गद्दाफी मारले गेले. देशाची शकले झाली, पण होड्या रोखण्याचा सौदा मात्र नव्या कागदावर लिहिला गेला. २ फेब्रुवारी २०१७ रोजी पंतप्रधान जेंतिलोनी यांनी त्रिपोलीतील सरकारशी तसा करार केला आणि २०२० व २०२३ मध्ये त्याची मुदत वाढली. लिबियाच्या कोठड्यांत माणसांचे काय हाल होतात, याचे अहवाल संयुक्त राष्ट्रसंघाने वारंवार दिले आहेत. तेल-गॅसचा सौदा हा धंदा आहे. माणसे अडवून ठेवण्याचा मोबदला देणे, याला आम्ही धंदा म्हणू शकत नाही.

जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान मेलोनी यांनी रोममध्ये आफ्रिकी देशांची परिषद बोलाविली आणि साडेपाच अब्ज युरोची ‘मात्तेई योजना’ जाहीर केली. नाव थोर होते. पण त्याच सभेत आफ्रिकी संघाचे मूसा फकी महामत यांनी सभ्य शब्दांत सांगितले, की आम्हाला आधी विचारले असते तर बरे झाले असते. मात्तेईचे नाव घेणे सोपे आहे. मात्तेईने इराणला टेबलावर बरोबरीने बसविले होते, ते अवघड आहे.

आपल्या दारापर्यंत

हे सारे दूरचे वाटत असेल तर आपल्या रस्त्याकडे पाहावे. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी, जिच्यावर आमच्या कितीतरी बांधवांचे संसार चालले, ती मुळात फियाट. कुर्ल्याच्या कारखान्यात ती इटालियन परवान्यावर बनू लागली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून निवृत्त झाली. बजाजच्या सुरुवातीच्या स्कूटर आणि तीन चाकी रिक्षा पियाज्यो या इटालियन कंपनीच्या परवान्यावर होत्या. १९७१ मध्ये तो परवाना संपला, तोवर आपले लोक ती विद्या शिकून चुकले होते. आज पियाज्योची तीन चाकी बारामतीत बनते.

दोन देशांचे बिनसले की काय होते तेही आपण पाहिले. १५ फेब्रुवारी २०१२ रोजी एन्रिका लेक्सी या इटालियन तेलवाहू जहाजावरील नौसैनिकांनी केरळच्या किनाऱ्याजवळ दोन मच्छीमारांना गोळ्या घालून मारले. मार्च २०१३ मध्ये प्रकरण इतके चिघळले की इटलीच्या राजदूताने देश सोडू नये असा आदेश आपल्या सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला, आणि तिकडे इटलीच्या परराष्ट्रमंत्र्यांनी राजीनामा दिला. २०२० साली आंतरराष्ट्रीय लवादाचा निकाल आला. नौसैनिकांवर खटला इटलीतच चालेल, पण भारताला भरपाई मिळेल असे ठरले. १० कोटी रुपये आले आणि जून २०२१ मध्ये न्यायालयाने प्रकरण बंद केले. नऊ वर्षे गेली. दोन गरीब घरांच्या कर्त्या माणसांपायी दोन सरकारांना नऊ वर्षे झुंजावे लागले, यात गरिबाच्या जिवाची किंमत दिसते, तशीच ती वसूल व्हायला लागणारा वेळही दिसतो.

आणि ताजी गोष्ट कोल्हापुरी चपलेची. जून २०२५ मध्ये मिलान येथील प्रदर्शनात प्रादा कंपनीने कोल्हापुरीसारखी चप्पल मांडली आणि कोल्हापूरचे नाव घेतले नाही. वास्तविक या चपलेला २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे. महाराष्ट्र आणि कर्नाटकातील चार-चार जिल्हे त्यात येतात. कारागिरांनी आणि महाराष्ट्र चेंबरने आवाज उठविला. कंपनीने मूळ मान्य केले, आपली माणसे कोल्हापूरला पाठविली आणि डिसेंबर २०२५ मध्ये, इटलीचे परराष्ट्रमंत्री तायानी मुंबईत असताना, दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला. सुमारे २ हजार जोड येथे बनवून घ्यायचे आणि एका जोडाची किंमत सुमारे ८०० युरो असे जाहीर झाले.

हे कसे घडले? मानांकनाचा कागद तयार होता, आणि तो दाखवून बोलणारी संघटना होती. दोन्ही नसते तर नुसती हळहळ उरली असती. पण आमचा प्रश्न पुढचा आहे. ८०० युरोतले कारागिराच्या हातात किती पडणार? इराणने १९५७ साली विचारलेला प्रश्नही हाच होता. नाव मिळाले, हा मान झाला. वाटा किती, हा व्यवहार झाला. मान मिळाल्यावर व्यवहाराचा प्रश्न विचारायला लाजू नये.

आम्हाला काय घेण्यासारखे आहे

वाचक बांधवहो, इटलीच्या या शंभर वर्षांतून आम्हाला चार गोष्टी ठळक दिसतात.

पहिली, बळाने घेतलेला माल शेवटी महाग पडतो. तीस वर्षांच्या जुलमाने इटलीला जे मिळाले नाही, ते भागीदारीच्या कागदाने मिळाले. शिरकतीच्या धंद्यात माप पूर्ण द्यावे ही आमच्या दीनची शिकवण आहे. राष्ट्रांच्या व्यवहारातही तीच खरी ठरते.

दुसरी, करार पूर्ण वाचावा. पैसा कोण देतो एवढेच पाहू नये. तो कोणाकडे परत जातो आणि सोबत कोणती अट येते, तेही पाहावे. दलाल ऑर्डर घेऊन येतो तेव्हा कच्चा माल कोणाकडून घ्यायचा, नापास माल कोणाच्या माथी, पैसे किती दिवसांनी, हे आधी लिहून घ्यावे.

तिसरी, आपली नोंदणी आणि आपली संघटना हवी. इटलीचा लहान कारागीर जगभर माल विकतो, कारण १९२६ पासून त्याच्यामागे सरकारी व्यापार संस्था उभी आहे, आणि २०२० पासून परदेशी व्यापाराचे काम तेथे परराष्ट्र खात्याकडेच आहे. आपल्याकडेही निर्यातीचा परवाना, मानांकनाचे अधिकृत वापरकर्ते म्हणून नाव, सहकारी संस्था या वाटा आहेत. हिमरू, बिदरी, पैठणी विणणाऱ्या कितीजणांची नावे या नोंदवह्यांत आहेत, याचा शोध प्रत्येक गावच्या जमातीने घ्यावा. आयात-निर्यात कोड हा कागद आज घरबसल्या निघतो. तो नाही म्हणून दलालाच्या दारात उभे राहण्याचे कारण नाही.

चौथी आणि शेवटची. भांडणाच्या दिवसांतही हिशेबाची वही स्वच्छ ठेवावी. लिबियाने इटलीचा अपमान विसरला नाही आणि व्यापारही सोडला नाही. अन्यायाची आठवण ठेवणे आणि सूड घेणे या वेगळ्या गोष्टी आहेत. उमर मुख्तार यांचे चित्र छातीवर ठेवून सुद्धा समोरच्याशी भावाची बोलणी करता येतात, फक्त बोलणी करताना मान ताठ हवी आणि वही हातात हवी.

अल्लाह आमच्या व्यापारात बरकत देवो, आणि कोणाचा हक्क मारण्यापासून व आपला हक्क सोडून देण्यापासून आम्हाला वाचवो.